पंत पलंगाखाली आहेत

बारामतीत घरात जनावर आजारी आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "दुधाला किती होतं?" विचारणाऱ्याचा यात काही दोष नाही. इकडं जनावराची ओळखच लिटरवर आणि फॅटवर होते. सकाळी डेअरीच्या रांगेत दोन माणसं भेटली तर ती आधी एकमेकांच्या गाईची चौकशी करतात, मग मुलाबाळांची. एमआयडीसीत चीजचा कारखाना आहे, पलीकडं इंदापुरात दुधाचे टँकर पळत असतात. अशा मुलखात मी एका बोक्याची शुश्रूषा केली. तो दूध देत नाही. पितो, तेही साय असेल तरच.

फॅट मात्र त्याला चांगली लागायची. साडेसहा किलोचा ऐवज होता. तीच पुढं नडली.

त्याचं नाव पंत. मोरोपंत अठराव्या शतकात आमच्या बारामतीत बसून आर्या रचत राहिले, आणि आमचा बोका पहाटे ओट्याखाली बसून जे काही रचायचा त्यालाही वृत्त होतं, यमक होतं, फक्त अर्थ एकच होता: वाटी रिकामी आहे. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावायला लावणारी अक्षरंच त्यात येऊ दिली नाहीत. आमच्या पंतांनी नेमकं उलट केलं. ओठ एकदा मिटले ते उघडलेच नाहीत.

निमित्त झालं पालखीचं. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला असते, दुसऱ्या दिवशी काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मग ती सणसरमार्गे पुढं इंदापूरकडं जाते. त्या मुक्कामाला आईच्या माहेरची दिंडीतली मंडळी आमच्याकडं उतरतात. सूर्यनगरीतल्या आमच्या दोन खोल्यांत इतकी माणसं झाली की न्हाणीघराचे नंबर लावायला मुलीनं चिठ्ठ्या केल्या. हे सगळं बघून पंत माळ्यावर गेले. पालखी गेली, पाहुणे गेले, पंत माळ्यावरच. बशी मात्र रोज साफ होत होती, त्यामुळं घर निर्धास्त होतं. ती बशी मागच्या गल्लीतला एक काळा बोका दोन्ही वेळा हजेरी लावून साफ करत होता, हे नंतर उघड झालं.

आईला शंका आली होती, पण तिचं निदान वेगळं होतं.

"त्यानं वारी धरलीय. आषाढीपर्यंत नाही खायचा."

"आई, मांजर एकादशी करत नाही."

"तुझ्यापेक्षा बरं. तू महाशिवरात्रीला वडापाव खाल्लास."

शेवटी मुलीनं त्याला माळ्यावरून खाली काढलं, कान उजेडाकडं धरला आणि ओरडली, "बाबा, हा आतून पिवळा पडलाय!" आई म्हणाली, हळदीचा हात लागला असेल. हिरड्या पाहिल्या. तिथं तर कुणी हळदीचा हात लावायचं कारण नव्हतं.

जवळच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. दाराशी लोखंडी पाइपांचा खोडा. गाय त्यात उभी करायची, आडवा पाइप टाकायचा आणि इंजेक्शन द्यायचं. मदतनीस मान वर न करता म्हणाला, "खोड्यात घ्या." सरकारी आज्ञा, मी पंतांना खोड्यात ठेवलं. पंतांनी दोन पाइपांमधली फट पाहिली आणि ते दुसऱ्या बाजूनं चालत बाहेर आले. मदतनीस बराच वेळ त्या रिकाम्या खोड्याकडं बघत होता.

"वजन?"

"साडेपाच."

"क्विंटल?"

"किलो."

डॉक्टर मोठा सज्जन माणूस. त्यांनी कान पाहिला, पोट दाबलं आणि सरळ सांगितलं, "साहेब, मी चारशे किलोच्या खाली फारसा उतरत नाही. याला पुण्याला न्या. उद्या नाही, आजच न्या." बाहेर एक शेतकरी थांबले होते. त्यांनी विचारलं, काय झालंय? म्हटलं, जेवत नाही. "मग दुधाला..." म्हणता म्हणता त्यांनी पिशवीत डोकावलं आणि पुढचं वाक्य गिळलं. माझ्याविषयी त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

बारामती ते पुणे हे शंभरेक किलोमीटर पंतांनी एका सुरात गायले. पाटसच्या पुढं हायवेला लागल्यावर सूर थोडा चढला, एवढंच.

पुण्यातल्या डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि मला समोर बसवलं. "काका, जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं की शरीर साठवलेली चरबी मोडायला काढतं. ती सगळी यकृताकडं धावते. मांजराच्या यकृताला एवढा माल झेपत नाही, तो तिथंच पडून राहतो. मग कावीळ. मग मळमळ. मळमळ म्हणून जेवण बंद, जेवण बंद म्हणून आणखी चरबी."

मी मान डोलावली. गोडाऊनमध्ये माल तुंबला की पुढं काय होतं, हे एमआयडीसीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

"यावर औषध काय?"

"जेवण."

"पण तो जेवतच नाही."

"म्हणून नळी."

भूल दिली, मानेच्या डाव्या बाजूला छोटा छेद घेतला आणि तिथून अन्ननलिकेत नळी सरकवली. आतलं टोक पोटाच्या अलीकडंच थांबतं. ते जागेवर आहे ना, हे एक्स-रे काढून पाहिलं आणि बाहेर नळी टाक्यांनी बांधून टाकली. नाकातूनही नळी घालतात, पण ती बारीक असते आणि थोड्या दिवसांपुरती. ही मानेतली काही आठवडे राहते. शुद्धीवर आलेल्या पंतांच्या मानेतून चार बोटं नळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला झाकण होतं. सूचना अशा: जेवण अगदी पातळ, कोमट, दिवसातून चार-पाच वेळा. पहिल्या दिवशी गरजेच्या पावपट, मग हळूहळू वाढवायचं, कारण उपाशी जिवाच्या अंगावर एकदम पंगत घातली तर रक्तातले क्षार बिघडतात. प्रत्येक वेळी आधी पाणी, नंतर पाणी. घाई बिलकुल नाही.

"जमेल ना काका?"

मी क्वालिटी विभागात आहे. असं कुणी विचारलं की माझ्या अंगात येतं.

त्याच रात्री फ्रिजवर तक्ता लागला. वेळ, मिली, पाणी आधी, पाणी नंतर, ओकारी, शू, शी, सही. पहिली पाळी बायको, दुसरी मुलगी, तिसरी मी. पाळी बदलताना येणाऱ्यानं जाणाऱ्याकडून चार्ज घ्यायचा, तोंडी चालणार नाही. सिरिंज धुवून डावीकडं, न धुतलेली उजवीकडं, ओट्यावर पिवळ्या टेपची रेघ. मुलीनं तक्ता वाचला आणि विचारलं, "बाबा, शीच्या पुढं सही कुणाची? त्याची?"

आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालं.

"मला दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. तेव्हा नव्हता लावलास तक्ता."

"आई, तेव्हा..."

"तेव्हा म्हणालास, मोबाईलमध्ये गजर लाव."

बायकोनं तेवढ्यात आत जाऊन काहीतरी शोधायला घेतलं. तिच्या मागच्या वर्षीच्या डेंग्यूत मी तिला डाळ-खिचडीचा व्हिडिओ पाठवला होता, हा विषय निघायच्या बेतात होता, पण दुसऱ्या पाळीची वेळ झाली म्हणून टळला. घरातल्या माणसानं आजारी पडावं तर चार पायांवर पडावं.

खरा पेच जेवणाचा होता. आई माळकरी. घरात अंडं शिजत नाही. आणि डॉक्टरांनी तर सांगितलेलं, डबाबंद पथ्याचं अन्न मिळेल ते द्या, नाही मिळालं तर उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून, गाळून. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, कारण त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आईला यातलं कांदा-लसूण नाही एवढंच पसंत पडलं. तिनं भगरीची पेज सुचवली. मी समजावलं, मांजराला टॉरिन नावाचा पदार्थ लागतो, तो मांसातूनच मिळतो, त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. आई म्हणाली, "आमच्या माहेरची मांजरं भाकरीवर जगली." त्या मांजरांना गावभर उंदीर उपलब्ध होते, हे मी बोललो नाही.

शेवटी तोडगा निघाला. मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, मिक्सरचं वेगळं भांडं. भांड्यावर मार्करनं "पंत" लिहिलं. दोन दिवस आई त्या गॅलरीच्या दाराला पाठ करून जप करत बसली. तिसऱ्या दिवशी तिनं मलाच विचारलं, "नळीनं जातं म्हणजे जिभेला लागतच नाही ना?"

"नाही."

"मग त्याचा उपास मोडत नाही." आणि त्या दिवसापासून चिकन गाळायला चहाची जुनी गाळणी तिनं स्वतः काढून दिली.

मोरगावच्या मयूरेश्वराला नवसही बोलली. मुलीनं शंका काढली, "आजी, गणपतीचं वाहन उंदीर. तो मांजरासाठी कसा धावेल?" आईकडं उत्तर तयार होतं. "मोरगावचा मोरावर बसतो." देवळासमोर भलामोठा उंदीरही आहे, पण त्याच्याकडं या प्रकरणात न बघायचं ठरलं.

मानेच्या जखमेवरची पट्टी पंत मागच्या पायानं ओरबाडायचे. आईनं वडिलांच्या जुन्या मऊ धोतराचा तुकडा काढला, कडा शिवल्या आणि गळ्याभोवती बांधला. नळी त्याच्या घडीत गेली. पंतांना उपरणं आलं.

पहिल्या आठवड्यात आम्ही बोक्याला किती आणि भिंतीला किती चारलं, हे सांगणं कठीण आहे. सिरिंज नळीत घट्ट बसली नाही की दट्ट्या दाबताच ती सुटते आणि आतला ऐवज थेट समोर जातो. समोर कालनिर्णय होतं. कामिका एकादशीच्या चौकोनावर चिकनचा शिंतोडा पडला तेव्हा आई देवळात गेली होती. मुलीनं त्यावर स्टिकर लावलं. आई परत आल्यावर म्हणाली, "या एकादशीला फूल का?" मुलगी म्हणाली, "महत्त्वाची आहे."

आता कंपनीचं. मी रजेसाठी साहेबांना फोन केला तेव्हा ते प्रेसशॉपमध्ये उभे होते. मागं धडाधड आवाज.

"साहेब, घरी पंत सीरियस आहेत. नळीनं जेवण चालू आहे."

"अरेरे! वय काय?"

"नऊ."

"नव्वद? मग सांभाळा. रजा घ्या. काही लागलं तर सांगा."

मी "नऊ, नऊ" म्हणून ओरडलो, पण फोन ठेवला गेला होता. रविवारी संध्याकाळी दारात आमच्या विभागाची सहा माणसं, शहाळ्यांची पिशवी, सफरचंदं आणि एक बिस्किटांचा मोठा पुडा. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात चढतानाचे भाव. चपला हळूच काढल्या. दबक्या आवाजात विचारपूस सुरू झाली.

"कुठं आहेत?"

"पलंगाखाली," मुलगी म्हणाली.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

"वर का नाही घेत?"

"वर घेतलं की ओरबाडतात."

"म्हातारपणी होतं असं," आमचे स्टोअरवाले गंभीरपणे म्हणाले. "आमच्या आजोबांनी चावायला सुरुवात केली होती. बाकी? शी-शू?"

"वाळूत."

यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला निवृत्त होईपर्यंत पुरेल. तेवढ्यात पलंगाखालून उपरणं घेतलेले पंत बाहेर आले, मंडळींच्या मधोमध बसले आणि पाय वर करून चाटू लागले.

सहा जणांपैकी कुणीही हसलं नाही, हे मला विशेष सांगायचं आहे. कारण त्यांची नजर नळीवर गेली होती. इंजिनिअरला माणूस दाखवा, तो नमस्कार करेल. नळी दाखवा, तो खुर्ची ओढेल.

"आयडी किती?"

"14 फ्रेंच, पण ते बाहेरचं माप. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर."

"म्हणजे ओडी साडेचार-पावणेपाच. लाइन चोक होत असणार."

"होते."

"स्ट्रेनर लावा. फीडच्या आधी मेश बदला."

"मी म्हणतो, ग्रॅव्हिटी फीड करा. हुकाला बाटली."

"व्हिस्कॉसिटी काय ठेवता?"

मेंटेनन्सवाल्यानं खिशातून व्हर्निअर काढला. रविवारी, भेटायला येताना, त्याच्या खिशात व्हर्निअर होता. पंतांनी त्याच्या मनगटावर तीन समांतर रेघा ओढल्या, ज्यांतलं अंतर त्यानं नंतर खरोखर मोजलं. चहा झाला, पोहे झाले, शहाळी त्यांनीच फोडून प्याली. जाताना स्टोअरवाल्यांनी मला बाजूला घेतलं. "एकूण खर्च किती झाला?" मी आकडा सांगितला. ते हिशोबाचे पक्के. "यात एक चांगली एचएफ कालवड आली असती," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून निघून गेले.

लाइन चोक व्हायची ती नेमकी रात्री. एमआयडीसीतली रात्र शांत नसते. पेन्सिल चौकाकडून कंपन्यांच्या बस तिसऱ्या पाळीची माणसं आणतात, दुसऱ्या पाळीची घेऊन जातात. त्या आवाजात मी जेवणाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचो. मायक्रोवेव्ह नाही, त्यात मधेच कुठंतरी चटका बसेल असा भाग राहतो. मनगटावर थेंब टाकून बघायचा, गरम नाही, गार नाही. पंत छाती टेकून बसलेले, पुढचे पाय पोटाखाली दुमडून. झाकण काढायचं, आधी पाणी. मग दट्ट्या इतका हळू रेटायचा की तो सरकतोय हे बोटाला कळावं, डोळ्याला नाही. थांबायचं. त्याची जीभ बाहेर येते का बघायचं. एकदा ओठ चाटले तर ठीक, लागोपाठ चाटायला लागले, लाळ आली, की बंद, नाहीतर पुढच्या मिनिटाला सगळं चादरीवर. या सबंध वेळात पंत माझ्याकडं बघायचे नाहीत. भिंतीकडं तोंड करून, हा गृहस्थ माझ्या मानेशी काय करतोय ते त्याचं तो जाणे, अशा आविर्भावात बसायचे. आणि अचानक दट्ट्या पुढं सरकायचा बंद व्हायचा.

डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "जोर लावू नका. कोमट पाणी आत-बाहेर करून बघा. नाहीच सुटलं तर थोडं कोला नळीत घालून ठेवा." मला वाटलं, झोपेत बोलतायत. पण हा जगभरच्या पशुवैद्यांचा जुना घरगुती तोडगा आहे. मध्यरात्री एसटी स्टँडवरच्या टपरीवर जाऊन कोला मागितलं. टपरीवाला ग्लास काढू लागला. म्हटलं, ग्लास नको, बोक्याच्या नळीला पाहिजे. त्यानं उरलेले पैसे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले. नळी मात्र सुटली. सकाळी आई म्हणाली, "चिकन झालं, आता कोलापण. एवढे लाड तुझ्या मुंजीतही नव्हते झाले."

पंत आपणहून जेवावेत म्हणून आम्ही काय काय मांडलं! पथ्याचे महागडे डबे, परदेशी नावांचे. पंत वास घ्यायचे आणि जमीन उकरून ते पुरल्याचा अभिनय करायचे. मग एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकू भिगवणहून आल्या. उजनीच्या पाण्यात चिलापी इतकी, की तिकडं तिला कुणी भाव देत नाही. त्यांनी आपल्या ओट्यावर पिशवी ठेवली आणि त्या आमच्या दारात गप्पा मारत उभ्या राहिल्या. गप्पा माझ्या त्यागावर चालल्या होत्या, म्हणून मीही थांबवल्या नाहीत. खालून पातेलं पडल्याचा आवाज आला. उपरणं घेतलेले पंत काकूंच्या जिन्यावरून वर येत होते, तोंडात अख्खी चिलापी, मानेत नळी. नळीवाटे गेलेल्या हजारोंच्या मालाकडं या गृहस्थानं ढुंकून पाहिलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, "राहू दे, वीस-तीस रुपयांची असंल."

तरी नळी लगेच काढली नाही. स्वतःचं पोटभर खातोय आणि वजन टिकतंय, हे काही दिवस बघावं लागतं. मग पुण्यात टाका कापला आणि नळी ओढून काढली. भूल नाही, काही नाही, मी डोळे मिटून उघडेपर्यंत झालंसुद्धा. भोक शिवत नाहीत, ते आपोआप भरतं. डॉक्टरांनी कौतुकानं तक्ता मागून घेतला. तो त्यांच्या भिंतीवर लागला म्हणतात. कंपनीत मात्र माझ्या मूल्यमापनात या कामाचा उल्लेख नाही. नवस फेडायला मोरगावला गेलो तेव्हा आईनं त्या मोठ्या उंदराच्या पुढ्यातही दोन दूर्वा ठेवल्या. मागाहून काही निघायला नको, म्हणाली.

तेव्हा वाचकहो, घरचं मांजर, त्यातही जाडजूड, दोन दिवस जेवलं नाही तर ते रुसलंय, व्रत करतंय असं समजू नका. बशी रिकामी झाली म्हणून निर्धास्त राहू नका, कोण खातंय ते उभं राहून बघा आणि मांजराला उचलून डॉक्टरकडं न्या. मधल्या वेळात भेटायला लोक येतीलच. त्यांतलं कुणीतरी हमखास म्हणेल, "अंग गरम लागतंय, अर्धी पॅरासिटॅमॉल द्या." मांजराला ती पचत नाही, एका गोळीत जीव जाऊ शकतो. सांगणाऱ्याला चहा द्या, पोहे द्या, शहाळं द्या. गोळी देऊ नका.